झेंडूच्या वावरात, भर दुपारी

वैष्णवी तिडकेचं आणि उन्हाचं कधी जमलं नाही. स्टुडिओच्या चार भिंतींत मात्र तिचा हात धरणारं अख्ख्या इंदिरानगरात कुणी नव्हतं. रडकं बाळ असो, स्थळांना पाठवायला फोटो काढून घेणारी बावरलेली मुलगी असो, की आरशात बघून दहादा भांग पाडणारे निवृत्त मास्तर असोत. वैष्णवी एक लाइट जरा इकडे सरकवायची, दुसरा हातभर खाली घ्यायची, तोंडाने काहीबाही बोलत राहायची, आणि समोरचं माणूस घरच्या ओट्यावर बसल्यासारखं सैल व्हायचं. मग हळूच बटण दाबायची.

बारावी झाल्यावर ती द्वारका चौकाजवळच्या एका फोटो लॅबमध्ये काउंटरवर बसायला लागली. काम पावत्या फाडायचं, पण नजर सारखी आतल्या खोलीत. लॅबच्या मालकाने ती नजर ओळखली आणि एका रिकाम्या दुपारी कॅमेरा तिच्या हातात दिला. पुढे लग्न झालं. नवरा किशोर अंबडच्या कंपनीत कामाला. लग्नाला वर्ष होत नाही तोच तो म्हणाला, "दुसऱ्याच्या काउंटरवर किती दिवस बसणार? आपला स्टुडिओ टाकू." आणि टाकला.

बाहेरचं काम तिने एकदाच घेतलं होतं. गंगापूर धरणाच्या काठावर एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूट. निघायला उशीर झाला, ऊन चढलं, आणि नवरदेवाच्या नाकाची सावली नेमकी वरच्या ओठावर पडली. प्रत्येक फोटोत गड्याला मिशी! त्याच्या होणाऱ्या बायकोला हसू आवरेना, गडी रुसला, आणि वैष्णवीने कानाला खडा लावला. त्यानंतर कुणी बाहेरच्या शूटचं विचारलं की ती सरळ दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर द्यायची.

मग एक दिवस चतुराबाई आल्या.

मखमलाबादच्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, आवाज मात्र दोन वावरं ओलांडून जाईल असा. बचत गटाच्या कामासाठी पासपोर्ट फोटो हवा होता. वैष्णवीने नेहमीसारखा काढला, कॉम्प्युटरवर दाखवला. चतुराबाई खुर्चीतून उठल्या, पडद्याजवळ गेल्या, पुन्हा मागे आल्या.

"पोरी, आमच्या गटातल्या सगळ्या बायांचे काढशील का असे? आमी सात जणी हावोत. समद्या झेंडूवाल्या."

"काढीन की आजी. घेऊन या एकदा."

"आनू कशाला? तूच ये. वावरात काढायचे. दसऱ्याला पंचवटीत आमच्या गटाचं दुकान लागनार हाय, त्याच्यावर मोठा फ्लेक्स लावायचाय. गावात ज्याच्या त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागत्यात. फुलं आमी पिकवतो, मंग आमची तोंडं का नको?"

वैष्णवीच्या ओठांवर दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर आला होता. पण चतुराबाईंचं शेवटचं वाक्य तिला असं काही भिडलं, की ती "येते" म्हणून बसली. मग सावरून म्हणाली, "पण सकाळी सातला नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. तेव्हा ऊन मऊ असतं."

चतुराबाई हसल्या. "सकाळी फुलांचा तोडा अस्तो. मंग माल बाजारात. संध्याकाळी गुरं-ढोरं, सैपाक. आमचा येळ म्हंजे दुपारचा. बारा वाजता ये, जेवायलाच ये."

बारा वाजता! वैष्णवीने डोक्याला हात लावला. वर आणखी एक अडचण. फ्लेक्स छापणाऱ्या द्वारकेच्या दुकानात दसऱ्याची झुंबड होती. काढलेले फोटो त्याच संध्याकाळी पोचले तरच फ्लेक्स वेळेवर मिळणार होता.

ठरल्या दिवशी किशोरची साप्ताहिक सुट्टी होती. स्कूटरवर पुढे स्टँडची लांबलचक पिशवी, मधे किशोर, मागे वैष्णवी आणि तिच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, अशी वरात मखमलाबादला निघाली. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर तापत होतं. कालवा ओलांडला आणि वैष्णवी एकदम म्हणाली, "अहो, थांबा, थांबा!"

रस्त्याच्या डाव्या हाताला झेंडू पेटला होता. पिवळा, मग केशरी, मग पुन्हा पिवळा, पार टेकाडापर्यंत. क्षणभर तिची भीती कुठल्या कुठे गेली. हे सगळं मागे आणि पुढे माणसाचा चेहरा! तिच्या बोटांना मुंग्या आल्या.

बाया तयारच होत्या. ठेवणीतली लुगडी, साड्या, केसांत झेंडू, दोघी-तिघींच्या तोंडाला पावडर. चतुराबाईंचे मालक चिमाजीबाबा शेडच्या सावलीत बाजेवर बसून हा सगळा थाट बघत होते. त्यांची नात सृष्टी कॉलेज बुडवून आली होती, आणि मोबाइलवर आत्तापासूनच व्हिडिओ काढत होती. सगळ्यांच्या मागे, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून, एक बाई अंग चोरून उभी होती.

"ही ठमा," चतुराबाई म्हणाल्या. "आमच्यात सगळ्यात गुणाची. तिच्या झेंडूची बाजारात गिऱ्हाईक वाट पाहतं. पन फोटो म्हनलं की पळती."

"आधार कार्डावर बघा ना माझा फोटो," ठमाबाई पुटपुटल्या. "चोरावानी दिसती मी. तवापासून नको वाटतं."

वैष्णवीची योजना साधी होती. उन्हाला फ्लॅशने उत्तर द्यायचं. बॅटरीवर चालणारा मोठा फ्लॅश तिने स्टँडवर चढवला, पुढे पांढऱ्या कापडाचा चौकोनी डबा बसवला. सूर्य बायांच्या पाठीशी ठेवायचा, चेहऱ्यावर आपला उजेड टाकायचा. चतुराबाई पहिल्या. एक फोटो झाला, शेडमध्ये नेऊन पाहिला, तर तो असा उतरला होता की किशोरने शिट्टीच मारली.

"अहो, स्टँडला दगड बांधा, वारं आहे," वैष्णवी म्हणाली.

किशोर दगड आणायला वळला आणि नेमकी त्याच वेळी टेकाडावरून वाऱ्याची झुळूक आली. तो पांढरा डबा शिडासारखा फुगला, स्टँड एका पायावर गिरकी घेऊन पाण्याच्या पाइपवर आडवं झालं, आणि काचेचा आवाज झाला. फ्लॅशची नळी फुटली होती.

किशोर हातात दगड घेऊन तसाच उभा. वैष्णवीने खाली बसून तुकडे रुमालात गोळा केले. बॅगेत छोटा फ्लॅश होता, तो कॅमेऱ्यावर लावून पाहिला. पण त्या उन्हात तो चमकला की नाही हेही कळेना.

"बिना फ्लॅशचं काढू," ती म्हणाली. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

फोटो काढला, पण उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळ्या आरशाखेरीज काही दिसेना. तळहाताचा आडोसा केला, ओढणी घेतली, तरी तेच. त्या गडबडीत तिने दोघी-तिघींचे आणखी काढले. ठमाबाईंना चतुराबाईंनी जवळजवळ ओढून उभं केलं. त्यांचाही काढला. मग सगळ्या शेडच्या सावलीत फोटो बघायला गोळा झाल्या.

डोक्यावरच्या उन्हाने प्रत्येकीच्या भुवयांखाली काळोख भरला होता. नाकाची सावली ओठांवर, गालांची हाडं पांढरीफटक. ठमाबाईंचे डोळे मुळात खोल. फोटोत डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे होते.

ठमाबाईंनी ते बघितलं. पदर आणखी पुढे ओढला, पाटी उचलली आणि आपल्या वावराकडे चालत्या झाल्या.

"अगं ठमे!" चतुराबाईंनी हाक मारली. ठमाबाई वळल्या नाहीत.

धरणाच्या काठावरची ती मिशी वैष्णवीच्या डोळ्यांपुढे नाचली. सगळं आवरून घरी जावं असं वाटलं. पण तिचंच तिला नवल वाटलं, की या वेळी भीतीपेक्षा राग जास्त आला होता. उन्हाचा राग. स्टुडिओत मी उजेडाला नाचवते, आणि हे ऊन मला नाचवणार?

"सावलीत काढू," ती म्हणाली.

शेजारी भाजीच्या रोपांवर हिरवी शेडनेट होती. बाया आत गेल्या, ऊन मऊ झालं, वैष्णवीला हायसं वाटलं. फोटो काढले आणि सृष्टी पडद्यात डोकावून किंचाळली, "आई गं! सगळ्या हिरव्या!"

खरंच होतं. जाळीतून झिरपलेला उजेड हिरवागार, आणि त्यात बसलेल्या सगळ्या जणी कोथिंबिरीच्या जुडीसारख्या. बाया पोट धरून हसायला लागल्या. "दुधी भोपळा दिसती गं मी!" एक म्हणाली. किशोरही हसला, आणि मग वैष्णवीलाही राहवेना. हसता हसता तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. या बायांना फोटो बिघडल्याचं दुःख नव्हतंच. त्यांची दुपार मजेत चालली होती.

ती पाणी प्यायला शेडकडे आली. सृष्टी तांब्या घेऊन तिच्याकडे येत होती. मधे दोरीवर चिमाजीबाबांचं पांढरं धोतर वाळत घातलेलं होतं, आणि वाऱ्याने त्याचं एक टोक उडून बाजूच्या झाडाच्या फांदीत अडकलं होतं. त्याचा मांडवासारखा आडोसा झाला होता. सृष्टी त्याच्याखालून वाकून आली, आणि त्या एका क्षणात वैष्णवी जागच्या जागी थबकली.

"सृष्टी, थांब! हलू नकोस!"

"काय झालं? साप आहे का?"

"साप नाही गं. तुझा चेहरा!"

धोतराच्या विरळ कापडातून ऊन गाळून खाली येत होतं. सृष्टीच्या चेहऱ्यावर एकही काळी रेघ नव्हती. डोळे लख्ख. एवढा मोठा, एवढा मऊ उजेड वैष्णवीच्या स्टुडिओतल्या कुठल्याच दिव्याने कधी दिला नव्हता.

ती धावतच बाजेपाशी गेली. "बाबा, हे धोतर देता का?"

चिमाजीबाबांनी नातीकडे पाहिलं, मग फोटोवालीकडे. "देतो की. वाळत घातलंय ते ने. आंगावरचं मातर मागू नको."

हशा पिकला, आणि त्या हशातच सगळे कामाला लागले. टोमॅटोच्या वावरातून बांबू आले. सुतळीने धोतराची चार टोकं चार बांबूंना बांधली. एकेक बांबू एकेकीने धरला, वाऱ्याच्या बाजूचा किशोरने. वारं आलं की चतुराबाई ओरडायच्या, "दाबून धरा गं!" आणि सगळ्या पाय रोवून उभ्या राहायच्या.

वैष्णवीने धोतराखाली बसलेल्या चतुराबाईंचा फोटो काढला. पण पडदा पाहायचा कसा? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ चतुराबाईंच्या पदरात डोकं घातलं. जाड, गडद पदराच्या अंधारात पडदा झळकला. चेहरा छान आला होता. सावल्या गेल्या होत्या. तरी काहीतरी कमी होतं. चेहरा जिवंत नव्हता. हनुवटीखाली, डोळ्यांच्या आत अजून झाकोळ होता. खालची काळी माती सगळा उजेड पिऊन टाकत होती.

"खालून उजेड पाहिजे," ती स्वतःशीच बोलली. "काहीतरी पांढरं. गोणी, पत्रा, थर्माकोल..."

किशोर आपला बांबू सृष्टीच्या हातात देऊन गोण्या शोधायला निघाला. वाटेत सकाळी तोडून ठेवलेले पिवळ्या झेंडूने काठोकाठ भरलेले प्लास्टिकचे कॅरेट होते. त्यातला एक त्याने बाजूला करायला उचलला, आणि उन्हात तो क्षणभर चतुराबाईंच्या पुढ्यात आला. वैष्णवीचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. चतुराबाईंच्या गळ्यावर, हनुवटीखाली, एकदम सोनेरी उजेड चढला.

"अहो! तिथेच ठेवा!"

"काय?"

"झेंडू! आजी, ही फुलं ओतली तर चालतील का? खाली, उन्हात, ढीग करून?"

"उद्याच्या बाजारची हायेत, पन मातीत नगं," चतुराबाई म्हणाल्या आणि दुसऱ्याच क्षणी ताडपत्री ओढत आणली. "ओत!"

कॅरेटमागून कॅरेट रिकामे झाले. धोतराच्या सावलीत बाई बसलेली, आणि तिच्या पुढ्यात, सावलीच्या अगदी बाहेर, रणरणत्या उन्हात पिवळ्याधमक फुलांचा गुडघाभर ढीग. वरून दुधासारखा उजेड, खालून सोन्यासारखा. ज्या उन्हासाठी फोटोग्राफर दिवस मावळायची वाट बघत बसतात, ते ऊन वैष्णवीने भर दुपारी ताडपत्रीवर मांडून ठेवलं होतं.

तिने बटण दाबलं. पदरात डोकं घातलं. आणि आतून असा आवाज काढला की चतुराबाई दचकल्या.

"काय गं? जळालं का काय आत?"

"आजी, बघा! तुम्हीच बघा!"

मग काय विचारता. पदरात एका वेळी दोन-दोन डोकी शिरायला लागली. जिचा फोटो झाला ती बांबू धरायला, जी बांबू धरून होती ती फुलांपुढे. एकीला हसायला सांगावं लागलं नाही. वैष्णवी गुडघ्यांवर, पोटावर, कधी उलट्या कॅरेटवर. केस विस्कटलेले, कपड्यांना माती, आणि तोंड थांबत नव्हतं. "मान जरा इकडे... हां! आता सुनेला हाक मारा! मोठ्यानं!" किशोरने तिला स्टुडिओत शेकडो वेळा काम करताना पाहिलं होतं, पण अशी कधी पाहिली नव्हती. तो बांबू धरून नुसता बघत राहिला.

सहा जणींचे झाले. वैष्णवी उभी राहिली, कपाळावरचा घाम पुसला आणि कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून ठमाबाईंच्या वावराकडे निघाली.

ठमाबाई सरीत खाली वाकून वाळकी फुलं काढत होत्या. आरडाओरडा त्यांच्या कानांवर आला असणारच.

"मावशी, मघाशी चूक माझी झाली," वैष्णवी म्हणाली. "तुमचे डोळे मला दिसत होते, पण कॅमेऱ्याला दाखवता आले नाहीत. आता येतील."

"ऱ्हाऊ दे बाई. सहा जणी पुरे झाल्या."

"फ्लेक्सवर गटाचं नाव लिहिणार ना? गटात तर सात आहेत."

ठमाबाईंचं फूल तोडायचं, पाटीत टाकायचं, चालूच.

"एक काढते. तुम्ही एकट्याच बघा. नाही आवडला तर तुमच्यासमोर पुसून टाकते. कुणाला दाखवणार नाही."

ठमाबाईंनी कंबर सरळ केली. "पुसशील ना?"

"पुसते."

त्या आल्या. धोतराखाली बसल्या. वैष्णवीने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि आत पिवळी खूण लुकलुकायला लागली. कॅमेरा तापला होता. आता कोणत्याही क्षणी बंद पडणार.

"आत्ता नको रे," ती दातओठ खात म्हणाली. कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली, आणि पळत शेडमध्ये नेऊन माठाशेजारच्या गारव्यात ठेवला. सृष्टी वहीने वारा घालू लागली. चिमाजीबाबांनीही टोपी काढून वारा घातला. तोवर ठमाबाई तशाच बसून होत्या. उठून जातील की काय, या भीतीने वैष्णवीचं अर्धं लक्ष तिकडे. पण पुढ्यातल्या फुलांच्या ढिगात त्यांना एक किडकं फूल दिसलं असावं. ते त्यांनी वेचून काढलं. मग दुसरं. मग त्या निवांत ढीग निवडायलाच लागल्या, आणि डोक्यावरचा पदर कधी मागे सरकला ते त्यांना कळलंही नाही.

वैष्णवीने नवी बॅटरी घातली. कॅमेरा सुरू झाला. पाय न वाजवता ती समोर येऊन बसली.

"मावशी, कुठलं फूल चांगलं म्हणायचं?"

ठमाबाईंनी मान वर केली. खोल डोळे, त्यांत पिवळ्या उजेडाचे दोन ठिपके, नाकात चांदीची मोरणी, आणि जिच्याबद्दल सगळं ठाऊक आहे अशा गोष्टीबद्दल कुणी विचारल्यावर येतो तो ताठा. वैष्णवीने श्वास रोखून बटण दाबलं.

कबूल केल्याप्रमाणे तिने दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दोघींनी ठमाबाईंच्याच पदरात डोकी घातली. आत झेंडूचा उग्र वास, घामाचा वास, आणि त्या छोट्याशा चौकोनात ठमाबाई. बाहेर सगळ्या बांबू धरून उभ्या. बराच वेळ पदर हलला नाही.

मग आतून ठमाबाईंचा आवाज आला. "मोरनी कशी चकाकली गं."

"पुसू का?"

"पुसती कशाला? आनखी एक काढ. ह्या बारीला हसते."

बांबू टाकून बायांनी जो गलका केला, त्यात धोतर सगळ्यांच्या डोक्यावर येऊन पडलं. चिमाजीबाबा बाजेवरून ओरडले, "फाडू नगा रे!"

भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी घाईघाईने खाऊन वैष्णवी आणि किशोर थेट द्वारकेला आले. फ्लेक्सवाल्याने कॅमेऱ्याचं कार्ड लावलं, एकेक फोटो पुढे सरकवला आणि विचारलं, "संध्याकाळी काढले ना हे?"

"भर दुपारी बाराला," किशोर वैष्णवीच्या आधी बोलला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंचवटीत पाय ठेवायला जागा नव्हती. फुलांच्या ढिगांमधून वाट काढत दोघं चतुराबाईंच्या दुकानापाशी पोचले, तर समोर गर्दी. वर फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता. सात चेहरे, मागे टेकाडापर्यंत झेंडू. ना कुठला साहेब, ना कुठला दादा. येणारा-जाणारा आधी वर बघायचा, मग खाली बसलेल्या बायांकडे, आणि ताळा जुळला की हसत टोपली पुढे करायचा.

एक तरुण ठमाबाईंपुढे थांबला. "मावशी, या मधल्या तुम्हीच का?"

"मंग कोन?" ठमाबाई म्हणाल्या. पदर खांद्यावर, डोकं उघडं. "किती देऊ? पिवळा का केशरी?"

तेवढ्यात वैष्णवीचा फोन वाजला. दिंडोरीकडून कुणी बाई बोलत होत्या. त्यांनी सकाळी बाजारात फ्लेक्स पाहून चतुराबाईंकडून नंबर घेतला होता. त्यांच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायांचे असेच फोटो हवे होते. गोंगाटात अर्धं ऐकू येत नव्हतं.

"सकाळी लवकर यावं लागेल का तुम्हाला?" त्या बाई विचारत होत्या. "का संध्याकाळी?"

वैष्णवीने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि त्या कल्लोळात ओरडून सांगितलं, "त्यांचं काम कधी आटपतं ते सांगा! मी तेव्हा येते!"